छपराखाली बसलेली बाई

आखातात, मीना सलमान बंदरावर एका कोरियन कंपनीत मी वेल्डर होतो. वर्कशॉपच्या गेटवर हिरवी पाटी होती, तिच्यावर दोन मोठी चिनी अक्षरं. रोज सकाळी सगळे कोरियन तिच्यासमोर रांगेत कवायत करत आणि मूठ वर करून एका सुरात ओरडत. आम्हा सात-आठ रत्नागिरीकरांची खात्रीच झाली, हा यांचा देव. खंडेनवमीला ग्राइंडर पुजला तशी आम्ही पाटीलाही हळदकुंकू वाहिलं, वर नारळ फोडला.

कोरियन फोरमन पोट धरून हसला. मला कुठलं हसू! बायकोच्या पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनला डॉक्टर नवऱ्याची सही मागत होते. कागद टपालानं येऊन परत जायचा तर महिना. लीव्हचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता. अशा वेळी देव कुणाचा का असेना, पाया पडायला आपलं काय जातं?

"नो गॉड. सेफ्टी," म्हणत फोरमननं खडूनं पत्र्यावर पाटीतलं पहिलं अक्षर काढलं. अक्षर चिन्यांचं, पण कोरियातही चालतं; ते त्याला 'आन' म्हणतात. वर छप्पर, खाली बसलेली बाई. बाई छपराखाली असली की सगळं ठीक, असा त्याचा अर्थ.

माझं टाळकंच सरकलं. "और आदमी किधर है?"

त्यानं पुरुषाचं अक्षर काढलं. वर शेत, खाली ताकद. शेतात राबतो तो पुरुष.

"अरे, शेत घराजवळ असतं!" मी मराठीतच ओरडलो. मग हिंदीत म्हणालो, "मेरी औरत छप्पर के नीचे ही है, पेट में गाठ लेके. ये सेफ्टी है? लीव्ह दो!"

"लीव्ह मफी," तो खाली बघत म्हणाला. मफी म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही'. "मी आल्सो. टू इयर."

खोटं कशाला बोलू, मला त्याची कीव आली नाही. तो खडू हिसकावून फेकून द्यावासा वाटला. हे अक्षर काढणारा शहाणा नक्की स्वतःच्या घरी, बायकोच्या हातचं जेवून बसला असणार.

लीव्ह मिळाली ती काम संपल्यावर. घरी पोचलो तर बायको विहिरीवरून पाणी आणत होती.

"ऑपरेशन झालं?" मी विचारलं. तिनं मान डोलावली. "मग सही कुणी केली?"

तिनं एक वही माझ्यापुढं टाकली. पानंच्या पानं माझी सही, माझी पत्रं समोर ठेवून गिरवलेली.

"आठ दिवस लागले," ती म्हणाली. "आता तुमच्यापेक्षा बरी जमते."