बायकांचा खड्डा

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आमच्याकडं माणसं अजून आवाज खाली घेतात, मयताला आल्यासारखी. मला ते जमत नाही. हाल झाले हे खरं. गुरं छावणीला गेली, विहिरींचे तळ दिसले, कामावर खायला वाटायचे त्या सरकारी सुकडीची चव आठवली की आजही घशाशी येतं. पण त्याच वर्षी मी पहिल्यांदा हातात टिकाव धरला, आणि त्या टिकावाबद्दल मी कुणापुढं मान खाली घालून बोलणार नाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. सातवी पास, लग्न झालेली आणि दोन वर्षांत माहेरी परत आलेली. नवरा मारायचा. त्याला कारण लागायचं नाही. भाकरी करपली तरी मारायचा आणि नाही करपली तरी मारायचा. एक दिवस अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले आणि शेवगावच्या एसटीत बसून आईकडं आले. वडील वारलेले होते, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो चुलत्यांचा. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील याची त्यांना भारी धास्ती. ते आईला म्हणाले, "वैनी, माझ्याच घरात दाना न्हाई. पोरीनं तिच्या पोटाचं बघावं. न्हाई जमलं तर मी तिला सासरी नेऊन घालतो." काम मिळालं तर मी इथं राहणार होते, नाही तर त्या घरात जाणार होते, एवढाच माझा हिशेब होता.

काम निघालं होतं. गावाच्या उगवतीला नाल्यावर पाझर तलाव बांधायला घेतला होता. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरी जित्या करायच्या. पण कामाला एक रीत होती. काम टोळीनं करायचं. गड्यानं खणायचं आणि बायांनी पाट्या भरून बांधावर टाकायच्या. ज्या बाईला गडी नाही तिला टोळी नाही, आणि टोळी नाही तर हजेरीला नाव नाही. तात्यांची टोळी त्यांच्या घरच्या बायांनीच भरली होती. अशा बायांना शेजारच्या तालुक्यात खडी फोडायला पाठवत. तिथंच पालात राहायचं. नवऱ्याला सोडून आलेली तरणी पोर पालात राहणार म्हटल्यावर तात्यांनी हातच झटकले.

आई एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. पण त्या रात्री तिनं काय ठरवलं कोण जाणे, सकाळी आम्ही चौघी मुकादमापुढं उभ्या होतो. मी, आई, शेजारची एक वहिनी, जिचा नवरा मुंबईला जाऊन पत्र टाकायचं विसरला होता, आणि बौद्ध वस्तीतली एक मावशी. मावशीनं रस्त्याच्या ठेकेदाराकडं मुरूम खणला होता. टिकाव कसा धरतात हे आमच्यात तिलाच ठाऊक. तिला टोळीत घेतलं म्हणून भावकीत कुजबुज सुरू झाली होती. आईनं दारात उभं राहून सांगितलं, "तुमच्या घरातला एक गडी द्या, मंग तिला सोडते." कुणी दिला नाही.

मुकादमानं आमच्या मागं पाहिलं. "खनायला गडी कोन हाय?"

"आमीच," मावशी म्हणाली.

"बायांनी टिकाव मारला तर पाऊस पडंल का गं?"

आई म्हणाली, "इतकी वर्सं गड्यांनीच मारला की. पडला का?"

आजूबाजूची माणसं हसली. मुकादमाचा चेहरा पडला, पण त्यानं आम्हाला जागा दिली. दिली ती सगळ्यात वाईट दिली, पार कडेची, उताराची, वरून वीतभर माती आणि खाली तांबडा मुरूम. चार दिवसांत या बाया आपोआप पळतील असा त्याचा अंदाज होता.

पहिल्या दिवशी मी हातानं टिकाव मारत होते. दुपारपर्यंत तळव्यांची सालटी निघाली. मावशी म्हणाली, "हातानं न्हाई गं बाय, कंबरंनं मार. हात नुसते संगं जातात." तिनं माझ्या मागं उभं राहून चार वेळा मारून दाखवलं. तिसऱ्या दिवशी मला ते साधलं. मुरमाचा गड्डा सुटून पायाशी पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. माझ्या डोळ्यांपुढं कुणाचा चेहरा होता ते सांगायला नको. चौघींत घागर एकच होती. पहिल्या दिवशी आई मावशीला वरून पाणी ओतायला गेली, मावशीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं, आणि आईनं घागर तिच्या हातात दिली. मला तेव्हा आईची लाज वाटली होती आणि मग अभिमानही वाटला. दोन्ही खरं आहे.

पुढं मी बालवाडीची बाई झाले आणि विकासाच्या पुष्कळ बैठकांना सतरंजीवर बसले. शहरातून आलेली माणसं सांगायची की गावकऱ्यांना सहभाग शिकवला पाहिजे, पाण्याचं मोल समजावलं पाहिजे. मी चहा पीत ऐकून घ्यायची. ज्या तलावाचं पाणी पुढं तीन बागायतदारांच्या उसानं पिऊन टाकलं, त्याची माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली त्यांना मोल समजवायला निघाले होते. एकदा मी विचारलं, "उसाला कोण समजावणार?" त्यानंतर मला बैठकीचा निरोप येईनासा झाला.

तर आमचा खड्डा. आठवडाभरात तो माझ्या छातीइतका खोल झाला. आता आमची चूक सांगते, कारण ती फक्त आमच्यासारख्या बायांनीच केली असती. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट मूळ जमिनीच्या उंचीचा तसाच ठेवायचा असतो. मापाच्या दिवशी ओव्हरशियर येतो आणि त्या खुंटावरून ठरवतो की किती खोल खणलं. हे खणणाऱ्या गड्यांना पाठ असतं. आम्ही जन्मभर पाट्या वाहिलेल्या. आम्हाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मावशीचं जुनं काम ट्रकवर मोजलं जायचं, तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या खड्ड्यांतले खुंट आम्हाला दिसत होते. आम्हाला वाटायचं, गड्यांनी आळसानं ठेवलेत.

आमच्या खड्ड्यातही असा एक उंचवटा राहिला होता, मुरूम चिवट होता म्हणून. मापाच्या आदल्या संध्याकाळी आईनं तो पाहिला. सारवलेल्या जमिनीवर एक खडा राहिला तरी जिला झोप यायची नाही, अशी ती बाई. ती म्हणाली, "सायेब यायचाय, अन हे अर्धवट?" चौघींनी मिळून तो उंचवटा फोडला, तळ झाडून घेतला. खड्डा इतका नेटका दिसत होता की आम्ही काठावर बसून त्याच्याकडं बघत राहिलो.

सकाळी ओव्हरशियर फीत घेऊन आला आणि काठावरच थांबला. "खुंट कुठंय?"

आईनं कौतुकाच्या आशेनं सांगितलं, "काढला की. साफ केलं समदं."

सगळं काम थांबलं आणि माणसं पोट धरधरून हसली. ओव्हरशियर म्हणाला, "आता मी खोली कशी काढू? जमीन उताराची. मी खालच्या काठावरून धरणार." खालच्या काठावरून धरलं तर आमचं निम्मं काम हवेत जात होतं, आणि निम्मं काम करणाऱ्या टोळीला कामावरून कमी करत. तात्या त्यांच्या टोळीतून पुढं आले. ते हसत नव्हते. हळूच म्हणाले, "चल पोरी. बास झाली शोभा."

मला त्यांच्या आवाजात ती एसटी ऐकू आली, जिच्यात बसवून ते मला परत नेणार होते. मी रिकामी पाटी उचलली आणि बांधावर चढले. सगळ्या टोळ्यांची माती पांढरट, आमचा मुरूम तांबडा. बांधावर आमचा पट्टा आंधळ्यालाही दिसला असता. मी तिथं फावडं घातलं, पाटी भरली, खाली आले आणि खड्ड्यात ओतली.

"अगं, काय करतीस?" ओव्हरशियर ओरडला.

"आमची माती आमी परत घेतोय. आमी खनलंच न्हाई म्हनताय ना? मंग ती बांधावर कशाला? खड्डा भरला की पाट्या मोजा, किती बसल्या ते."

मी दुसरी पाटी आणायला निघाले तर माझ्या मागं मावशी होती, तिच्या मागं वहिनी, आणि सगळ्यात शेवटी माझी आई, पदर खोचून. हसणं कधी थांबलं कळलं नाही. दुसऱ्या टोळ्यांच्या बाया बांधावरून बाजूला होऊन आम्हाला वाट देत होत्या. एका म्हातारीनं माझी पाटी भरून डोक्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब बांध बघायला येणार होते आणि बांधाला दात पडल्यासारखी खाच दिसायला लागली होती.

ओव्हरशियर खड्ड्यात उतरला. "थांबा गं बायांनो, थांबा!" त्यानं खिशातून सुतळी काढली, वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत ताणली, तिच्यापासून चार ठिकाणी फीत सोडली आणि माप घेतलं. पाच मिनिटांचं काम. ती सुतळी पहिल्यापासून त्याच्या खिशात होती. याचा राग मला आजही येतो, मातीच्या खुंटाचा येत नाही. काम पुरेसं भरलं, वर थोडं जास्तच. आम्हाला पुढचा खड्डा मिळाला.

चार-पाच दिवसांनी माझा दीर आला. तात्यांनी मापाच्या आधीच सासरी निरोप धाडला होता. तो काठावर उभा राहून, माझ्याकडं न बघता तात्यांना म्हणाला, "घेऊन जायला आलोय. आवरायला सांगा तिला." मी खड्ड्यात टिकाव धरून उभी. आई मध्ये बोलणार तर मावशीनं तिचा हात धरला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. खड्ड्याकडं पाहिलं.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "तिला इचारा."

दीर गोंधळला. मीही गोंधळले. माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, शाळा सुटली तेव्हा विचारलं नव्हतं, परत न्यायचं ठरलं तेव्हाही नाही. शेवटी त्यानं खाली बघून विचारलंच, "येतीस का?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि पुढचा घाव घातला.