तीस दिवसांचा गॅस

"तीस दिवसांचा गॅस गेला कुठं?" मुंबईहून आलेल्या ऑडिटर बाईंनी विचारलं. वाळूजच्या कारखान्यात आम्ही विझलेल्या बॉयलरपाशी उभे होतो. स्टोअरकीपर जाधव माझ्याकडे बघत होते. मी मीटरकडे.

मी तिथला युटिलिटी मॅनेजर, म्हणजे वीज, पाणी आणि वाफ बघणारा. कोळसा सोडून आम्ही पाइपने येणारा नैसर्गिक वायू घेतला होता. धूर गेला, राख गेली. कोळसा विदर्भातल्या खाणींतून यायचा, आवारात ढीग पडून असायचा. जाधव चुन्याच्या खुणा केलेला बांबू लावून साठा सांगायचे. गॅसचा ढीग नसतो. आपल्या देशात बराचसा गॅस परदेशातून जहाजानं येतो. आमच्याकडं पाइपमधून येईल तेवढाच जळायचा.

हेड ऑफिसच्या 'एनर्जी सिक्युरिटी' फॉर्ममध्ये मात्र 'साठा, दिवसांत' हा जुना रकाना तसाच होता. मी शून्य भरलं. कॉम्प्युटर घेईना. कोळशाच्या वेळचे तीस टाकले. लगेच घेतले. मग दर महिन्याला तेच टाकत गेलो. फॉर्मवर नाव स्टोअरकीपरचं छापून यायचं.

पुढं परदेशात युद्ध पेटलं, जहाजं अडकली, आमचा गॅस बंद झाला. फॉर्मवर तीस दिवस दिसत होते, म्हणून हेड ऑफिस निर्धास्त होतं. बॉयलर त्याच दिवशी विझला.

"साठा तुमच्या ताब्यात होता ना?" बाईंनी जाधवांना विचारलं.

"मॅडम, मी फुलंब्रीहून मोटरसायकलवर येतो. तीस दिवसांचा गॅस काय डिकीत घालून नेला व्हय?"

"ते तुम्ही सांगायचं. मोजत कशानं होता?"

जाधवांनी कोपऱ्यातला बांबू दाखवला. बाईंनी गंभीरपणे त्याचा फोटो काढला.

अहवाल आला: मोजण्याचं साधन अपुरं, चोरी सिद्ध होत नाही, नाकारताही येत नाही. रिटायरमेंटला दोन वर्षं असताना कंपनीनं जाधवांचा राजीनामा घेतला. माझ्या प्रमोशनची फाइल त्याच आठवड्यात वर गेली होती. मी गप्प बसलो. गॅस पुन्हा सुरू झाल्यावर रकान्यात पुन्हा तीस टाकले.

गेल्या महिन्यात फुलंब्रीला जाऊन जाधवांना सगळं सांगितलं. ते चहा ओतत म्हणाले, "म्या नेला नाय, हे मला ठावंच व्हतं साहेब. तुम्हालाबी व्हतं. आता बाकीच्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. गॅस चांगलं इंधन आहे. फक्त जिथं साठा नाही, तिथं शून्य लिहिता आलं पाहिजे. कॉम्प्युटर घेत नसेल, तर कागदावर, स्वतःच्या सहीनं.