डाईंग फिटरचं बिअरचं यंत्र

ती दुपार मी विसरलेलो नाही आणि खरं सांगायचं तर विसरायची इच्छाही नाही. नोकरीत छापे शेकड्यांनी घातले, पण छाप्यात सापडलेली वस्तू बघून 'वा रे पठ्ठ्या!' असं तोंडून निघालं ते एकदाच.

तेव्हा मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या हद्दीत पोलीस निरीक्षक होतो. टॉवेलच्या कारखान्यातले तीन कामगार विषारी दारू पिऊन सरकारी दवाखान्यात पडले होते. त्यातल्या एकाचे डोळे वाचतात की जातात, अशी अवस्था. त्यांची माणसं ठाण्याच्या दारात बसून होती आणि वरिष्ठांचे फोन थांबत नव्हते. अशात माझा एक खबऱ्या आला. कारखान्यांच्या फाटकाशी त्याची ऑम्लेटची गाडी होती.

"साहेब, सूत रंगवायच्या कारखान्यात फिटर हाय की एक, त्येच्या घरामागच्या शेडात भट्टी चालतीया. लई वास मारतोय. म्या सोता रविवारी तितनंच घेतली."

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि निघालो.

शेडात स्टीलची तीन मोठी भांडी, त्यांना जोडलेले पाइप, दोन पंप, एक जुना फ्रिज आणि भिंतीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांचा पॅनल होता. एका भांड्यात तांब्याची गुंडाळलेली नळी. हातभट्ट्या पकडण्यात हयात गेलेल्या पोलिसाला अशी नळी दिसली, की पुढचं काही बघायची गरज वाटत नाही. मलाही वाटली नाही. फ्रिजमधल्या पिंपात तपकिरी रसायन बुडबुडत होतं. त्याचे नमुने सीलबंद केले. उरलेलं जागीच ओतायचं आणि साहित्य फोडायचं, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. हवालदाराने पिंप आडवं केलं आणि पहार घेऊन पॅनलकडे वळला.

"पॅनल नको साहेब! मला मारा, पण पॅनल नको!"

चाळिशीतला, चष्मा लावलेला तो फिटर पॅनलला पाठ लावून उभा राहिला. मी हवालदाराला थांबवलं. दया वगैरे काही नव्हती, नुसतं कुतूहल.

पॅनल भिंतीवरून उतरवून मुद्देमालात घेतला, बाकीचं न फोडता शेडाला सील ठोकलं. फिटरला जीपमध्ये बसवलं तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. "विष पाजतो व्हय रे!" असं कुणीतरी ओरडलं. त्याची बायको पोरीला जवळ ओढून दारात उभी होती.

ठाण्यात विचारलं, "किती जणांना विकलीस?"

"एकालाबी नाही साहेब. ती दारू नाही, बिअर आहे. आणि तीपण अजून झालेली नव्हती."

विष पाजल्याचं कलम लागलं तर काय होतं, हे मी त्याला समजावून सांगितलं. मग सहज विचारलं, "मग एवढा खटाटोप कशाला?" आणि गडी जो सुटला! कलम विसरला, कोठडी विसरला. पहिल्यांदा गॅसवर केली ती उतू गेली. मग तापमान कळायला सेन्सर लावला. ढवळून हात दुखायला लागले म्हणून पंप बसवला. सोलापूरच्या उन्हात बिअर आंबट व्हायची म्हणून भंगारातून फ्रिज आणला. कारखान्यातल्या निकामी डाईंग मशीनचा कंट्रोलर मागून घेतला, त्यालाच शिकवलं की मोड आणून वाळवलेलं धान्य पाण्यात पासष्ट अंशांवर तासभर ठेवायचं, मग त्याचा रस उकळायचा, मग थंड करायचा. बार्लीत तो आपली ज्वारीसुद्धा घालायचा!

"आमच्याकडं दोन लॉटच्या रंगाची शेड जुळली नाही तर माल परत येतो की साहेब. बिअरचंबी तसंच. दोन लॉट सारखे लागले पाहिजेत. अजून एकदाबी जुळलं नाही. ह्यावेळी जुळणार होतं."

ते मी ओतून दिलं होतं. मला चुटपुट लागली, पण चुटपुटीवर तपास चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेडात पंचांसमोर पॅनल पुन्हा जोडला आणि त्याला म्हटलं, "नुसत्या पाण्यावर चालवून दाखव." त्याने एक बटण दाबलं. पाणी तापलं, ठरल्या अंशाला हीटर आपोआप बंद, पंप सुरू, पाणी दुसऱ्या भांड्यात! पंच तोंड उघडं टाकून बघत होते आणि मीही त्यांच्यातलाच एक होतो. मग त्या तांब्याच्या नळीचं गुपित कळलं. हातभट्टीत नळीतून वाफ जाते. इथे नळीतून गार पाणी जात होतं, बाहेरचा रस निववायला. भांड्याला झाकणच नव्हतं, वाफ धरणार कशात? मी नळी बघितली होती, तिचं काम बघितलं नव्हतं.

पॅनलच्या मेमरीत मिनिटामिनिटाचं तापमान साठलेलं होतं. आमच्या सायबर शाखेच्या शिपायाने ते काढलं. रविवारी हा लॉट नुकता शिजत होता आणि आधीचा बिघडला म्हणून महिन्यापूर्वीच गटारात गेला होता; तेव्हापासून फ्रिज बंद असल्याचंही त्यात दिसत होतं. म्हणजे रविवारी विकायला त्याच्याकडे थेंबही नव्हता.

खबऱ्याला बोलावून चहा पाजला. "रविवारी घेतलीस ती दिसायला कशी होती रे?"

"कशी म्हंजे? पांढरीफेक, पान्यावानी. पिशवीत बांधून दिली."

मी तपकिरी नमुन्याची सीलबंद बाटली त्याच्यापुढे ठेवली. त्याचा चहाचा कप तसाच हातात राहिला. तासाभरात सगळं बाहेर आलं. विषारी माल त्याच्या मेहुण्याचा होता आणि आमचं लक्ष दुसरीकडे वळवायला याने फिटरचा बळी द्यायचं ठरवलं होतं. संध्याकाळच्या आत मेहुणा आणि त्याचे दारूचे कॅन ताब्यात! मी खुर्चीतून उठून टेबलावर हात आपटला. असा आनंद नोकरीत फार थोड्या वेळा मिळतो.

फिटरवर विनापरवाना बिअर केल्याचा गुन्हा मी नोंदवलाच. कायदा तो कायदा. जामिनावर सोडताना म्हटलं, "आता तुम्ही घरी जा." मी 'तुम्ही' म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्याला न्यायला बायको आली होती. ती जागची हलेना.

"साहेब, ह्यांनी चूक केली, दंड भरू. पण तुम्ही ह्यांना नेलं ते सगळ्या गल्लीनं बघितलं की. विष पाजलं म्हणतात लोक. माझ्या पोरीशी कोण बोलंना झालंय. आता सोडल्यालं कोण बघणार?"

तीसएक वर्षांत किती जणांना असं सगळ्यांदेखत उचललं असेल! त्यातले कितीतरी निर्दोष सुटले. पण त्यांच्या दारात परत जाऊन 'आमचं चुकलं' असं मी एकदाही सांगितलं नव्हतं. तशी रीतच नाही. माणसाला नेताना पोलीस सगळ्यांना दिसतो, सोडताना कुणालाच नाही. एवढी साधी गोष्ट मला त्या बाईने शिकवली.

मी टोपी घातली आणि दोघांना जीपमध्ये बसवलं. गल्लीच्या तोंडाशीच उतरलो आणि त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो. दारं उघडत गेली, माणसं जमली. मी मोठ्याने सांगितलं, "त्या विषारी दारूशी ह्यांचा काही संबंध नाही. चूक पोलिसांची झाली. माझी झाली."

समोरच्या घरातली म्हातारी फिटरच्या मुलीला हाक मारून म्हणाली, "ये गं हिकडं, जेवलीस का?"