ताटलीत उभा पेन

नवऱ्याला हल्ली मोबाइलवर वस्तू निवडत बसायचा नाद लागलाय. परवा जेवणं झाल्यावर त्याने मला एक पेन दाखवला. काळा, जाडजूड, बघूनच धाक वाटावा असा. म्हणे त्याच्या टोकाने गाडीची काच फुटते, टोपणात शिट्टी आहे, बुडाशी इवलीशी बॅटरी आहे, आणि एवढं सगळं करून उरलेल्या वेळात तो लिहितोसुद्धा. प्रवासात खिशाला असलेला बरा, असं त्याचं म्हणणं. असे तीन-चार पेन होते आणि त्यातला कुठला घ्यावा यावर त्याला माझं मत हवं होतं. मी म्हटलं, "उभा राहतो का?"

त्याला हसू आलं, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. मी पर्समधून माझा पेन काढला, टेबलावर बुडावर उभा केला आणि हात सोडला. तो उभा राहिला. पंख्याच्या वाऱ्यात जरासा विचार केल्यासारखा वाटला, पण राहिला. त्याच्याकडे बघताबघता माझे डोळे जड झाले. या पेनाकडे बघून मला झोप येते. कुणाला अंगाईने येते, मला याने येते.

आम्ही हिमायतनगरला राहायचो. वडलांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागे घर, अर्धं स्लॅबचं, अर्धं पत्र्याचं. आईचं माहेर औशाच्या पुढे. मी शाळकरी असताना ती गणपतीला माहेरी गेली होती आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मी वडलांपाशी राहिले होते. विसर्जन झालं त्या रात्री तिथे उकडत होतं, म्हणून आई अंगणात बाजेवर झोपली. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, आत मातीच्या माळवदाखाली झोपली. पहाटे आधी आतली भांड्यांची उतरंड वाजली. आईला जाग आली. मांजर शिरलं असेल, असं वाटून तिने कूस बदलली. आणि मग किल्लारीचा तो भूकंप झाला. दगडमातीचं ते घर जागच्या जागी बसलं आणि मावशी आतच राहिली.

भांडी वाजणं आणि घर बसणं यांत किती वेळ गेला, हे कुणीच सांगू शकत नाही. वडील म्हणायचे, डोळ्याचं पातं लवलं असेल, तेवढ्यात कोण काय करणार. आई म्हणायची, एक हाक मारून झाली असती.

परत आल्यावर आई स्लॅबखाली झोपेनाशी झाली. पत्र्याखाली झोपायची, आणि उशाशी स्टीलच्या ताटलीत काहीतरी उभं करून ठेवायची. जमीन हलली की ते पडेल, ताटली वाजेल आणि आपण बाहेर पळू. आधी तांब्यावर पालथा पेला, मग रिकामी बाटली, मग टॉर्चचा सेल. त्या दिवसांत आमच्या गल्लीत बरेच जण असलं काहीबाही करत होते. थंडी पडेपर्यंत सगळ्यांचे पेले मांडणीवर परत गेले. आमचा राहिला.

गंमत अशी की ताटली सारखी वाजायची आणि दर वेळी ती आईच वाजवायची. सेल उभा आहे ना, हे बघायला ती उठायची, तिच्या पावलाने फरशी हलायची, सेल पडायचा आणि आम्ही सगळे दुकानासमोर रस्त्यावर. वडलांनी एकदा ताटलीत गुपचूप फडकं घातलं. सकाळी ते आईला सापडलं. त्यानंतर दोन दिवस वडलांना वाढलेलं ताट मिळालं, पण शब्द मिळाला नाही. फडक्याचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. मी मात्र या सगळ्यात अर्धवट झोपेतच मोठी झाले. वर्गात फळा लांब लांब जायचा, बाई बोलायच्या ते पाण्याखालून ऐकू यायचं. मला ते आवडायचंही. दहावीला बरे गुण पडले याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

तेव्हा आमच्याकडे हुशार पोर म्हणजे लातूर, हे ठरलेलंच होतं. धर्माबादपासून किनवटपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी लातूर. ट्रंक, गादी, बादली घेऊन पोरं एसटीत बसत आणि दोन वर्षांनी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायला पुढे जात. मलाही जायचं होतं. पण आईच्या लेखी लातूर म्हणजे क्लास नव्हते. लातूर म्हणजे माहेराच्या वाटेवरची जमीन, आणि त्या जमिनीवर उभी तीन मजली होस्टेलं.

"लातूर न्हाई," ती म्हणाली. "नांदेडला शिक की."

मी अन्नत्याग केला. तो संध्याकाळी भज्यांच्या वासाने सुटला. वडलांनी समजावलं, शाळेतले गुरुजी घरी येऊन गेले. आई सगळ्यांना चहा देई आणि मान हलवी. मला तिचा राग येई आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून वाईटही वाटे. प्रवेशाची मुदत संपत आली होती. आणि एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, नांदेडला जाऊ, तुला पेन घेऊ. वडील दुकानातून आत येऊन माझ्याकडे बघायला लागले.

तिचा हिशेब सरळ होता. पेला खोलीत राहतो, सेल टॉर्चमध्ये राहतो, पण शिकणाऱ्या पोरीच्या अंगावरून पेन हलत नाही. तोच दिवसा लिहील आणि रात्री राखण करील. उभा राहील असा पेन मिळाला तर लातूर. नाही मिळाला तर नांदेड.

नांदेडच्या वजिराबादेतल्या एका जुन्या पेनाच्या दुकानात आम्ही गेलो. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा होते. आईने एकेक पेन मागून घ्यायला सुरुवात केली. ती लिहून बघेना, की टोपण उघडून बघेना. काउंटरच्या काचेवर उलटा धरून बुडावर उभा करी आणि हात काढी. बहुतेकांची बुडं गोल, ते लगेच आडवे. दट्ट्याचे पेन तर उभे राहायचं नावच काढत नसत. माझं लातूर त्या काचेवर दर मिनिटाला पडत होतं. हळूहळू काउंटरवर पेनांचा खच झाला आणि चाचा म्हणाले, "बाई, पेन लिखने कू लेते, खडा करने कू नई."

आईने हातातला पेन खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाली, "माझी भईन भूकंपात गेली. ही लेक लातूरला चाललीय. पेन पडला तर हिला जाग यावी."

चाचा उठले. आत गेले, वरच्या फळीवरून एक खोका काढून आणला. त्यात स्टीलचे जाड बॉलपेन होते. बूड सपाट, टोपण घट्ट, हातात घेतलं की वजन कळे. एक काचेवर उभा केला. राहिला. मग त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण पुसून काउंटरवर ठेवलं, त्यात पेन उभा केला आणि तळहाताने काउंटरवर हलकेच थाप मारली. पेन पडला. झाकण असं खणखणलं की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. आईच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी समाधान बघितलं. लिहितो कसा ते बघायचं राहिलंच. ते मी एसटीत तिकिटाच्या मागे बघितलं. बरा लिहीत होता.

निघताना आईने आणखी एक गोष्ट सांगितली. अडकलीसच कुठे तर वरडू नको, घसा सुकतो. पेनानं ठोकत राहा. लोखंड असलं तर लोखंडावर, नसलं तर दगडावर. तिच्या गावात एक जण तसा ठोकून जिवंत निघाला होता. हे तिने लोणच्याची बरणी सांडू नको म्हणावं अशा आवाजात सांगितलं.

लातूरला माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ज्याने त्याने घरावर मजले चढवले होते आणि प्रत्येक मजल्यावर खाटा. खाली क्लासच्या पाट्या, पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, मेसचे डबे, पाण्याचे टँकर. माझ्यासोबत उदगीरची एक मुलगी होती. पहिल्या दिवशी मी ताटलीत पेन उभा केला तेव्हा तिने मनसोक्त हसून घेतलं. येडी हाय गं तू, आणि तुझी आई त्याहून येडी, म्हणाली. दिवाळीनंतर तिच्या उशालाही एक ताटली आली. तिचा पेन गोल बुडाचा, त्याला तिने खाली मेण चिकटवलं होतं. उन्हाळ्यापर्यंत आमच्या मजल्यावर दर खोलीत कुणी ना कुणी पेन उभा करायचं. भीतीने म्हणाल तर नाही. जसं कुणी देवाला हात जोडून झोपतं, तसं.

माझा पेन तिथे कित्येक महिने एकदाही पडला नाही. घरी सेल रोज पडायचा, इथे पेन ढिम्म उभा. दुपारी क्लास नसला की मी आडवी होऊन त्याच्याकडे बघत राही. खिडकीतून ऊन येई आणि त्याची सावली ताटलीच्या कडेने सरकत जाई. ती सावली काठाला लागेपर्यंत माझा डोळा लागलेला असे. एक स्वप्न मला तेव्हा वारंवार पडे. मी आजोळच्या रानात आहे आणि रानात जोंधळ्याऐवजी पेन उभे आहेत, माणसाएवढे उंच. वारा सुटलाय तरी एकही हलत नाही. मधून मावशी चालत येते, हातात परडी, आणि धक्का लागू नये म्हणून अंग चोरून येते. मी उठे तेव्हा उशी ओली असे, पण मन शांत असे.

अकरावीची परीक्षा संपत आली तेव्हा आई पहिल्यांदा मला भेटायला आली. तोवर ती आलीच नव्हती. वडील येत. एसटीत बसून तिचं अंग आंबलं होतं. तिने जिना चढताना भिंतींना हात लावून बघितला, खोलीत आल्यावर वर स्लॅबकडे बघितलं. मग माझ्या ताटलीकडे बघितलं. पेन उभा होता. मी तिला म्हटलं, पड थोडी, मी अभ्यास करतेय, जागीच आहे. ती नको नको म्हणत खाटेच्या कडेला टेकली आणि बोलता बोलता तिला झोप लागली. आईला स्लॅबखाली झोपलेलं मी त्यानंतर पुष्कळदा बघितलं, पण तो दिवस पहिला. तिचं तोंड किंचित उघडं होतं. ती कुणाची तरी धाकटी बहीण असावी, असं वाटत होतं. उदगीरची माझी मैत्रीण दार ओढून बाहेर जाऊन बसली.

ऊन उतरायला लागलं होतं. सावली ताटलीच्या काठाला आली होती. आणि पेन पडला.

ताटली खणखणली. त्याच क्षणी खालून टँकरची घरघरही ऐकू येत होती. टँकरच असणार, मी मनात म्हटलं. आणि म्हणताच हातातलं पुस्तक मिटलं, कारण मांजरच असणार, असं त्या पहाटे आईनेही म्हटलं होतं. मी उठले. भिंतीला तळहात लावला. फरशीवर गुडघे टेकून हात ठेवला. पेल्यातलं पाणी बघितलं, ते थरथरत होतं. खिडकीशी गेले. टँकर गल्लीच्या वळणावरून पुढे गेला. मी परत पेल्यापाशी आले आणि पाणी निवळेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग पेन उचलून पुन्हा ताटलीत उभा केला.

आईने डोळे उघडले नव्हते. पण तिने श्वास रोखून धरलाय, हे मला कळत होतं.

"पडला का गं?" तिने विचारलं.

"हाव. टँकर गेला खालून. भिंतीला हात लावून बघितलं मी. जमिनीलाबी."

आता ती उठेल, पदर खोचेल आणि मला हाताला धरून तीन जिने खाली नेईल, म्हणून मी चपला शोधत होते. आईने कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा झोपली.