मालकच घिऊन गेलं

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी ‘गाड्या चोरीला का जातात’ या विषयावर व्याख्यान दिलं, तेव्हा चोरीची गाडी माझ्याच अंगणात आच्छादनाखाली उभी होती. ती मीच आणली होती. व्याख्यान चांगलं झालं. मला शाल आणि नारळ मिळाला. त्या व्याख्यानातल्या एका वाक्यामुळे एका माणसाची नोकरी गेली आणि तो कायमचा खोटारडा ठरला. तो खोटं बोलला नव्हता, हे सोलापुरात दोघांनाच माहीत होतं, मला आणि माझ्या बायकोला. या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली.

मी विमा कार्यालयात नोकरीला होतो. गाडीचोरीचे दावे तपासायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणाची स्कूटर दिसेनाशी झाली, की लोक पोलिसांच्या आधी माझ्याकडे यायचे.

तर गाडी आणली त्या दिवशी सात रस्त्याजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं. बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून मी एकटाच गेलो. दारात फेटा बांधून घेतला, अक्षता टाकल्या, जेवलो आणि भर दुपारी बाहेर आलो. माझी गाडी पांढरी, छोटी आणि जुनी. अशी गाडी त्या काळी सोलापुरात दर चौथ्या घरासमोर असायची. सीटवर हिरवी चादर, आरशाला लिंबू-मिरची. मी दार उघडलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. फाटकावरच्या दारवानाने दोन्ही बाजूंची रहदारी थांबवून मला वाट करून दिली आणि कडक सलाम ठोकला. “या मालक,” म्हणाला. मीही हात वर केला.

आमच्याकडे मालक सगळ्यांनाच म्हणतात. केळीवाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतं. कुणाचं काही मालकीचं असावं लागतं असं नाही. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा याच शब्दाने केला.

गाडी चालवताना गार हवा यायला लागली. माझ्या गाडीतली गार हवा बंद पडून तीन उन्हाळे झाले होते. मला वाटलं, यंत्रालाच दया आली असेल. दुसऱ्या दिवशी बायकोला दवाखान्यात नेलं, तेव्हा ती म्हणाली, “अहो, हे कधी दुरुस्त केलंत?”

“झालं मागे एकदा,” मी म्हणालो.

“बोलला नाहीत ते?”

“प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची नसते.”

ती माझ्याकडे जरा कौतुकाने बघत राहिली. ते कौतुक मी घेतलं. खोटेपणाची सुरुवात तिथून झाली, असं मी धरतो.

तिसऱ्या दिवशी चष्म्याचं घर शोधताना पुढचा कप्पा उघडला आणि गाडीची कागदपत्रं हातात आली. त्यांवर नाव एका चादरीच्या कारखानदाराचं होतं. बाहेर जाऊन नंबर पाहिला. वीस वर्षांत मी माझ्या गाडीचा नंबर कधी नीट वाचला नव्हता, पण हा माझा नाही एवढं कळलं. त्याच दिवशीच्या पेपरात बातमी होती, लग्नाच्या गर्दीचा फायदा घेऊन भरदिवसा मोटार लांबवली. सराईत टोळीचा संशय.

बायको म्हणाली, “आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा.”

मी किल्ली खिशात टाकली आणि सांगायलाच निघालो. रिक्षाने गेलो. ही गोष्ट आजवर कुणी विचारली नाही, तरी नोंदवतो. मी सांगायलाच गेलो होतो.

कार्यालयाच्या आवारात दोन पोलीस, व्यवस्थापक, गाडीचे कारखानदार आणि मधोमध तो दारवान उभा होता. माळशिरसकडचा, धनगर समाजाचा, पन्नाशीचा माणूस. घरची मेंढरं भावाकडे सोपवून सोलापुरात नोकरीला आला होता. आवारात कॅमेरा होता, पण एका लग्नात जिलेब्यांची परात नाहीशी झाल्यापासून त्याचं तोंड भटारखान्याकडे वळवलेलं होतं. त्यामुळे सगळा भार दारवानाच्या बोलण्यावर.

“गाडी कोण घेऊन गेलं?” हवालदाराने विचारलं.

“मालकच घिऊन गेलं की.”

“हे बघ मालक, इथे उभे आहेत. ते म्हणतात मी नेली नाही.”

दारवानाने कारखानदारांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. “ह्ये न्हाईत. दुसरं मालक.”

“एका गाडीला दोन मालक?”

“तसं न्हाय मालक…”

“मला मालक म्हणू नकोस.”

“बरं मालक.”

लिहून घेणाऱ्या शिपायाने पेन थांबवलं आणि हवालदाराला विचारलं, “मालक किती लिहू?”

तेवढ्यात दारवानाची नजर माझ्यावर पडली. त्याचा चेहरा उजळला. हरवलेलं मेंढरू दिसल्यासारखा तो माझ्याकडे हात करून म्हणाला, “ह्ये बगा की. ह्येच मालक. तवा फेटा हुता.”

सगळे माझ्याकडे वळले. दोन्ही गाड्यांना लागणारी किल्ली माझ्या खिशात होती, मुठीत धरलेली. आता फक्त हो म्हणायचं होतं. पण व्यवस्थापक मला ओळखत होता. तो घाईघाईने म्हणाला, “अरे, हे विम्याचे साहेब. निम्म्या सोलापूरच्या चोऱ्या यांनी पकडल्यात.” हवालदार दारवानाला म्हणाला, “लग्नात सगळ्यांनाच फेटा असतो. आता रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस मालक होणार का तुझा?” आणि मला म्हणाला, “माफ करा साहेब. आपण कसे आलात?”

मी म्हणालो, “माझी गाडी इथे राहिली होती. न्यायला आलो.”

हे वाक्य शब्दशः खरं होतं. मी इतकं खरं आणि इतकं वाईट वाक्य दुसरं बोललेलो नाही.

माझी गाडी भिंतीला लागून उभी होती. मंडपवाल्यांनी तिला बांबू टेकवून ठेवले होते. सगळ्यांना ती मंडपवाल्यांची वाटत होती, आणि मंडपवाल्यांना कार्यालयाची. बॅटरी उतरली होती. मग दोन पोलिसांनी आणि दारवानाने मिळून ती ढकलली. आरशात मला तिघंही वाकलेले दिसत होते. गाडी सुरू झाल्यावर दारवान सरळ झाला. या खेपेला त्याने सलाम केला नाही.

घरी अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या. बायको दारात आली, दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाली, “एक परत करायला गेला होतात ना?” मी बाजारातून आच्छादन आणून एकीवर टाकलं.

मग आला रविवार आणि व्याख्यान. चोरीची चर्चा गावभर होती, म्हणून संघाने विषय दिला आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकालाही मुद्दाम बोलावलं. मी नोकरीत शिकलेलं सगळं सांगितलं. चोर महागड्या गाडीच्या वाटेला फारसे जात नाहीत, कारण तिच्याकडे लोक वळून बघतात. चोराला हवी असते सगळ्यांकडे असते ती गाडी. पांढरी असेल तर उत्तम. ती गर्दीत मिसळते, आणि तिचे दिवे, दारं, चाकं सुटी करून दुसऱ्या हजार गाड्यांना बसवता येतात. गाड्या जातात त्या मंगल कार्यालयासमोरून आणि दवाखान्यासमोरून, कारण आत गेलेला माणूस तासभर तरी बाहेर येत नाही. जुन्या गाडीचं कुलूप इतकं झिजलेलं असतं, की तशीच झिजलेली दुसरी किल्लीसुद्धा त्यात फिरते.

“म्हणजे कुणाच्याही किल्लीने?” पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं.

“कुणाच्याही,” मी म्हणालो.

“मग साहेब, आपल्या या प्रकरणात काय झालं असेल?”

इथे गप्प बसता आलं असतं. पण सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि शाल समोर ताटात घडी करून ठेवलेली होती. मी माझं नोकरीतलं नेहमीचं वाक्य बोललो, “फाटकावरच्या माणसाला माहीत असल्याशिवाय गाडी जात नाही.”

व्यवस्थापकाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी दारवानाला कामावरून काढलं.

त्यानंतर ती गाडी घरात ठेवणं मला जमेना. गाडी चोरणं सोपं असतं, परत करणं फार अवघड, हे मला माझ्या नोकरीने शिकवलं नव्हतं. मी ती आतून-बाहेरून धुतली, सकाळीच होटगी स्टेशनबाहेर नेऊन लावली, माझ्याकडची जादा किल्ली आतच ठेवली आणि चालू लागलो. पन्नास पावलंही गेलो नसेन, मागून एक चहावाला धापा टाकत आला. “ओ मालक, किल्ली इसरली की तुमी.” आभार मानून ती खिशात टाकावी लागली. म्हणाला, “लई लोकं असत्यात हितं. आमी ध्यान ठिवतो.”

त्याने चार दिवस ध्यान ठेवलं. मग कुणीतरी नंबर ओळखला. पेपरात आलं, टोळी मोटार होटगीला टाकून रेल्वेने कर्नाटकात पसार. कारखानदारांनी वार्ताहराला सांगितलं, की चोरांनी गाडी धुऊन दिली, मागचा एक दिवा लागत नव्हता तोही लागतोय. तो दिवा मी बदलला होता. माझ्याकडून तेवढंच झालं.

टोळी सापडली नाही. दारवान मात्र टोळीचा माणूस ठरला. पुरावा नव्हता म्हणून त्याला सोडलं, आणि सोडलं म्हणून लोकांना जास्तच खात्री पटली.

एवढी वर्षं बायको दर दिवाळीला एकदा विचारायची, “माळशिरसला कधी जायचं?” मी म्हणायचो, बघू. गेल्या महिन्यात तिने विचारलं नाही. पिशवी भरली आणि गाडीत जाऊन बसली.

कार्यालयाच्या जुन्या आचाऱ्याकडून वस्तीचा पत्ता मिळाला होता. दारवान मेंढरांच्या वाड्याच्या सावलीत एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मला बघून उठला नाही. “या मालक,” म्हणाला. ओळख लागली होती.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो काटा काढत राहिला. मग मेंढी सोडून त्याने विचारलं, “मंजी मी खरं बोललो हुतो?”

“हो.”

“अगं ए, भाईर ये. ह्ये मालक काय म्हंत्यात ऐक.”

त्याची बायको पदराला हात पुसत आली. मी पुन्हा सगळं सांगितलं. ऐकून ती नवऱ्याला म्हणाली, “मंग तुमी डुलकी मारली न्हवती व्हय?”

“आट वर्सं सांगतुय न्हवं.”

“मला वाटलं, लाजनं सांगताय.” ती तशीच आत जाऊन बसली. माझी बायको तिच्यामागे गेली.

मी माफी मागितली. तो म्हणाला, “माफीचं ऱ्हाऊ द्या. लिवून द्या. पोलिसांनी लिवलं हुतं, दारवान विसंगत बोलतो. विसंगत म्हंजी काय, ते मी आठ दिस लोकास्नी इचारत फिरलो. आता तुमी लिवा, दारवान बराबर बोलला. आन माजं बोलनं सुदारू नका. मी बोललो तसंच लिवा.”

म्हणून हे लिहिलं आणि लेखाला नाव त्याच्याच वाक्याचं दिलं. एक प्रत त्याला, एक मंगल कार्यालयाला आणि एक ठाण्यात द्यायची आहे. त्याचं वाक्य असं होतं, मालकच घिऊन गेलं. मालक मी होतो. दारवान बरोबर बोलला.

निघताना आम्ही गाडीत बसलो. तो वस्तीच्या फाटकात आडवा उभा राहिला.

“नंबर वाचा,” म्हणाला.

मला अजूनही पाठ नव्हता. बायकोने कप्प्यातून कागद काढला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. त्याने पाटीवर बोट ठेवून प्रत्येक आकडा ताडून पाहिला. मागे जाऊन मागची पाटीही पाहिली. मग बाजूला झाला आणि पूर्वीसारखाच कडक सलाम केला.