डब्यातली नाचणी

बादलीभर पाण्यात मीठ विरघळवलं आणि ते पाणी मी सुमनच्या नाचणीत ओतलं. सगळ्या डब्यांत नाही – फक्त खत घातलेल्या चार डब्यांत. नुसत्या मातीचे दोन सोडले. म्हणजे विचार करून केलं. रागाच्या भरात नाही.

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, देवापुढेही बोलले नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

सुमन माझी धाकटी जाऊ. दीर गेले, मूलबाळ नाही, म्हणून तिला गावाहून लालबागला आमच्या खोलीत आणली. लोक म्हणाले, किती मोठं मन! कसलं मन? माझे गुडघे गेले होते. पाणी भरणं, भाकऱ्या, मासळी साफ करणं – सगळं तिच्यावर टाकलं. मी सांगायचे, ती करायची. जीव मात्र तिचा गावच्या डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्यात. तिथं तिची नाचणी व्हायची. ह्यांना तो तुकडा विकायचा होता. म्हणत, त्या खडकाळीत खत कुठून घालणार?

सुमन म्हणाली, गावात काड आणि पालापाचोळा जाळून टाकतात, तोच कुजवला तर खत घरचंच होईल. करून दाखवते.

आणि लागली की कामाला. आंब्याच्या दिवसांत घराघरांतून पेट्यांतला पेंढा मागून आणला. भाजीवाल्याकडून मक्याची सालं, देवळासमोर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून शेण. गच्चीवर पिंपात थर लावले, पाणी मारलं, आठवड्याला खालीवर करत राहिली. चाळीतल्या बायका चिडवायच्या – "सुमन, पिंपात मढा लपवलंस की काय?"

"येवा, नाक लावून बघा," ती म्हणायची.

वास नव्हताच. आषाढापर्यंत पेंढ्याचं काळं, भुसभुशीत खत झालं. तिने ते मातीत मिसळून तेलाच्या डब्यांत रोपं लावली. महिन्याभरात नुसत्या मातीतली वीतभर, पिवळी. खतातली गुडघ्याला लागली, बुडाशी फुटवेच फुटवे. हे स्वतः गच्चीवर चढले. बराच वेळ बघत राहिले.

"कणसा भरली मा, तर पुढच्या मिरगाक गावाक जा," म्हणाले. "तुजो वाटो तूच कस."

सुमनने पदर तोंडाला लावला. मी? मी जिना उतरताना मोजत होते – उद्यापासून पाणी कोण भरणार, ह्यांची पेज कोण करणार. तिच्या सुखाचा विचार एवढासाही आला का मनात? नाही आला. खोटं कशाला बोलू.

तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. ती बाजाराला गेली की मी कठडा धरत वर जायचे. गुडघे दुखायचे, तरी जायचे. चार दिवस. पानांची टोकं करपली, मग रोपं माना टाकून बसली. मातीतली दोन तशीच उभी.

सुमनने एक रोप उपटलं, मुळं निरखली.

"माझाच चुकला, वयनी. खत कच्चा रवला असतला."

"असेल," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. तिने बोटावर माती घेऊन चाखली असती तर कळलं असतं. शेतातली बाई ती, संशय आला असता तर चाखलीच असती. आपल्या घरातलं माणूस असं करेल, हे तिच्या मनातच आलं नाही.

दिवाळीआधी जमीन विकली. तिने पिंप धुऊन खाली आणलं आणि पुन्हा कधी गावाचं नाव काढलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं तिने माझं पाणी भरलं. शेवटी ह्यांचंही सगळं तिनेच केलं, अंथरुणातलं सुद्धा.

मग ती गेली. तापाने, याच खोलीत. शेवटच्या दिवशीही मला विचारलं, वयनी, जेवलास?

मी अजून आहे.