पाचव्या पानातली खिडकी

आम्ही त्यांना दाखले म्हणायचो. ते त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथून कधी बाहेर आलं नाही. एका जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात त्यांचं टेबल आणि माझं टेबल एकोणीस वर्षं समोरासमोर होतं. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांची तोंडं इतका वेळ बघत नसतील.

काम सरळ होतं. रोज सकाळी अंकाच्या दोन प्रती यायच्या. एक फाइलप्रत. तिला कात्री लावायची नाही. सहा महिन्यांच्या फाइलप्रती एकत्र बांधून जाड खंड व्हायचा, आणि त्याच्या कापडी पाठीवर सोनेरी आकड्यांत साल उमटायचं. दुसरी कात्रणप्रत. ती कापायची, वहीत चिकटवायची, तारखेचा शिक्का मारायचा, पान आणि रकाना लिहायचा. बातमीत चूक झाली आणि दुसऱ्या दिवशी खुलासा आला, तर तो खुलासा मूळ बातमीच्या शेजारीच लावायचा आणि दोघांना लाल पेन्सिलीच्या रेघेनं जोडायचं. ही लाल रेघ दाखल्यांची स्वतःची पद्धत. "खुलाशाशिवाय बातमी ठेवणं म्हणजे अर्धी साक्ष ठेवणं," असं ते म्हणायचे. एकदा एका शिपायानं मुलीसाठी खेळाडूचं चित्र फाइलप्रतीतून कापलं. संध्याकाळी तो कायमचा घरी बसला. तेव्हापासून फाइलप्रतीच्या टेबलावर कुणी कात्री ठेवतही नसे.

आम्ही दोघंही एकाच प्रभागात राहायचो, आणि प्रभागाचा मोबाइलवर एक ग्रुप होता. चारशे माणसं. पाणी कधी येणार हे विचारायला काढलेला ग्रुप, पण आठवडाभरात पाणी राहिलं बाजूला आणि राजकारण वाहायला लागलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. अमका रस्ता आमच्या पक्षानं केला, तमका पूल तुमच्या पक्षानं खाल्ला. त्या कालव्यात दाखल्यांचा एकच प्रश्न यायचा: "तारीख? पान? रकाना?"

विचारून ते थांबायचे नाहीत. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून वही शोधायचे, कात्रणाचा फोटो काढायचे आणि टाकायचे. वाद तिथेच संपायचा. आज ज्याचं नाक कापलं तो उद्या दुसऱ्याचं कापायला यांच्याकडेच यायचा. "मी कुणाच्या बाजूचा नाही. जे छापलंय त्याच्या बाजूचा," असं ते सांगायचे. आणि त्यांचा एक नियम अख्ख्या ग्रुपला पाठ झाला होता: ज्यावर तारीख नाही तो नुसता कागद, कात्रण नव्हे.

मी चिडवायचे. "घरी बायको म्हणाली, तुम्ही मला फिरायला नेत नाही, तरी तारीख आणि पान मागत असाल."

"मागतो. आणि तिच्याकडे असतं," ते म्हणायचे.

मला ते आवडायचे, हे आता सांगायला हरकत नाही. सगळं जग तोंडाला येईल ते बोलत असताना एक माणूस दुपारी उपाशी राहून खरं शोधत होता. मी त्याच्या समोर बसत होते याचा मला अभिमान होता. माझ्या खणात काय पडलंय हे माहीत असूनही होता.

नगरपालिकेची निवडणूक दहा दिवसांवर आली तेव्हा आमच्या प्रभागातून एक शिंपीणबाई उभी होती. तिच्या गळ्यात माप घ्यायची टेप कायम, झोपतानाही काढत नसावी, म्हणून सगळे तिला टेपताई म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी ती एकदा निवडून आली होती. त्याच काळात प्रभागातला सार्वजनिक दवाखाना बंद करून ती जागा गाड्या लावायला द्यायचा ठराव झाला होता. दवाखाना गेला तो गेलाच. आता कुणीतरी ग्रुपवर विचारलं, तेव्हा ताईंनी हात कुठल्या बाजूनं वर केला होता? ताई म्हणाल्या, ठरावाच्या विरोधात. समोरचे म्हणाले, दाखला द्या.

दाखल्यांनी दिला. तारीख, पान एक, रकाना तीन. ठरावाच्या बाजूनं मत देणाऱ्यांच्या यादीत ताईंचं नाव स्पष्ट छापलेलं होतं.

ताईंनी लिहिलं, "नावं उलटी छापली होती. दुसऱ्या दिवशी खुलासा आला होता."

"तारीख? पान? रकाना?" आता सगळा ग्रुपच दाखले झाला होता.

ताईंकडे तो अंक नव्हता. शिंपिणीच्या घरात जुन्या वर्तमानपत्राचं काय होतं? बाहीचा नमुना होतो. नगरपालिकेच्या सभेची नोंद मागावी तर महिना लागणार, आणि मतदान दहा दिवसांवर. वाचनालयात दोन वर्षांपलीकडचे अंक नाहीत. कुणीतरी तिच्या दुकानाच्या दारावर रात्रीतून 'दवाखाना कुठाय?' असं रंगवून गेलं. ज्या बायका वीस वर्षं तिच्याकडे शिवायच्या त्या दुसऱ्या दिवशी शिवायला टाकलेले कपडे तसेच परत घेऊन गेल्या.

दाखले मात्र अस्वस्थ झाले. मला म्हणाले, "बाई, ती खुलासा म्हणतेय. बघायला हवं." त्यांनी वही पाहिली, लाल रेघ नव्हती. मग कपाटातून त्या सालाचा खंड काढला, दुसऱ्या दिवसाच्या अंकावर आले आणि पाचव्या पानाशी थांबले.

मला उठून बघायची गरज नव्हती. पाचव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिडकी होती. ती मी कापली होती.

अकरा वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात दाखल्यांच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं आणि ते आठ दिवस रजेवर होते. मी एकटी. त्या दिवशी संपादकांनी कात्रणप्रत मागवून घेतली ती परत आलीच नाही. मला लवकर निघायचं होतं. कारण आठवतसुद्धा नाही, इतकं ते फालतू असणार. मी फाइलप्रतीला कात्री लावली. उद्या विक्री खात्यातून दुसरी प्रत आणून ते पान बदलू, असं ठरवलं. शिक्का दाखल्यांच्या कुलूपबंद खणात होता, तो त्या आठवड्याच्या सगळ्याच कात्रणांवर ते परतल्यावर मारायचा होता, म्हणून तारीख न टाकताच तुकडा पाकिटात ठेवला. तो उद्या काही उजाडला नाही. दोन वर्षांनी खण साफ करताना पाकीट हाताला लागलं, तोवर खंड बांधून झाला होता. मी पाकीट खणातल्या कागदाखाली सरकवलं आणि वर कात्रीचा डबा ठेवला.

दाखल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खण उघडून पाकीट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी तुकडा खिडकीवर ठेवला. चपखल बसला. कडेला अर्धी कापलेली अक्षरं पानावरच्या अर्ध्या अक्षरांना जुळली. 'कालच्या वृत्तात नजरचुकीने नावे उलट छापली गेली.' आणि त्याखाली दोन्ही याद्या, नीट. ताईंनी विरोधात हात वर केला होता.

"तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"चौदा महिने."

"खिडकीसकट पूर्ण पानाचा फोटो टाकला, तर कुणी एक शब्द बोलणार नाही. वर तारीख दिसते, खाली तुकडा बसतो." त्यांनी फोन हातात घेतला. "टाकू का?"

त्या पानाचा फोटो चारशे जणांत गेला की संध्याकाळी आमच्या संपादकांच्या टेबलावर. त्या शिपायाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. "मला दोन दिवस द्या," मी म्हणाले.

त्यांनी दोन दिवस दिले. पण तोवर गप्प बसवेना, म्हणून संध्याकाळी त्यांनी नुसता तुकडा ग्रुपवर टाकला आणि लिहिलं: "माझी चूक. खुलासा आला होता, तो मी जोडला नाही." मी जोडला नाही! हा माणूस त्या दिवशी दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसला होता.

मग काय विचारता. "शिक्का कुठाय?" "तुमचाच नियम ना, तारीख नाही तो नुसता कागद?" "ताईंनी नवा शर्ट शिवून दिला वाटतं." "पूर्ण पान दाखवा!" हे शेवटचं तर पन्नास जणांनी लिहिलं. पूर्ण पान दाखवा, पूर्ण पान दाखवा. दाखले फोन उलटा टेबलावर ठेवायचे, तो टेबलावर गुरगुरत राहायचा. त्यांना इकडे आड, तिकडे विहीर. पान दाखवावं तर मी जाते, न दाखवावं तर ताई जाते. स्वतःचा नियम स्वतःच्या गळ्यात, आणि दोरीचं टोक माझ्या हातात.

दोन दिवसांचे पाच झाले. ते मला आठवण करून देत नव्हते. सकाळी डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवायचे, दुपारी डबा उघडून तसाच बंद करायचे. त्यांनी एकदा आवाज चढवला असता तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण तो माणूस नुसता समोर बसून राहिला. त्या खोलीला एकच दार, त्या दाराशी त्यांचं टेबल, आणि पाणी प्यायला जायचं तरी मला त्यांच्या अंगावरून जावं लागायचं.

शुक्रवारी दुपारी टेपताई स्वतः आल्या. गळ्यात टेप, हातात अर्ज. जुने अंक बघायला येणाऱ्यांना दारात मीच सामोरी जायचे. दाखले मागे वही घेऊन बसले होते.

"मला या तारखेचा अंक बघायचाय," त्या म्हणाल्या. "फक्त पाचवं पान. मला आठवतंय, खालच्या कोपऱ्यात होतं. इथेच बघते, नेत नाही कुठे."

मी अर्ज हातात घेतला. तो वाचायचं नाटक केलं.

"तो खंड बांधणीला गेलाय."

"कधी येईल?"

"महिना तरी लागेल."

मागे पान उलटल्याचा आवाज थांबला. एवढंच. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, टेपची दोन टोकं सारखी केली आणि म्हणाल्या, "बरं. अर्ज राहू दे तुमच्याकडे."

रविवारी मतदान झालं. ताई एक्केचाळीस मतांनी हरल्या.

दाखल्यांनी ग्रुप सोडला. त्यांच्या मागे ग्रुपवर नवाच विनोद निघाला: कुणी थाप मारली की 'दाखल्यांना विचारा' म्हणायचं आणि हसायचं. ऑफिसात ते वागले नीटच, पण कामापुरतं बोलले. चौदा महिने मी एकेक दिवस ढकलला. सुटका जवळ येतेय असं मला वाटायचं आणि त्याच वेळी ती लांबावी असंही वाटायचं, कारण सुटका झाल्यावर गप्प बसायला कारण उरणार नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी, निरोपाचं भाषण आणि हार झाल्यावर, मी खंड काढला. पाकीट काढलं. दाखले उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पान सपाट धरलं.

"तारीख नीट येऊ द्या," ते म्हणाले. चौदा महिन्यांत कामाबाहेरचं ते त्यांचं पहिलं वाक्य.

मी फोटो ग्रुपवर टाकला. सगळं लिहिलं: कात्री मी लावली, तुकडा मी लपवला, खंड बांधणीला गेला नव्हता. पेन्शन पक्की झाल्यावर शूर व्हायला काय लागतं, हे कुणी म्हणायच्या आत मीच लिहून टाकलं. तीन अंगठे आले. एकानं विचारलं, "कोणत्या निवडणुकीबद्दल चाललंय?" त्याखाली कुणीतरी पाण्याची वेळ विचारली.

तेव्हा फोटोची कागदावर प्रत काढली आणि ताईंच्या दुकानात गेले. रिकाम्या हातानं जायला लाज वाटली म्हणून शिवायला एक कापडही नेलं. दारावरच्या रंगाचे डाग घासूनही पुरते गेले नव्हते. ताई मशिनीवर होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि परत दिला.

"मला काय दाखवता? हात मीच वर केला होता."

मी म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. खंड तिथेच होता."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागच्याच कपाटात होता. पाठीवर साल वाचलं मी. सोनेरी आकडे, चांगले मोठे आहेत."

मी कागदाची घडी घातली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणालात ना. ऑफिसातल्या बाई नाही म्हणतायत, मागचे ते गप्प बसलेत, आणि मी म्हणू की आहे? माझ्याकडे कुठे दाखला होता?"

त्यांनी मशीन थांबवली, माझ्या हातातलं कापड घेऊन झटकलं, पन्हा बघितला. मग गळ्यातली टेप काढली आणि उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हात वर करा," त्या म्हणाल्या. "माप घेते."

मी दोन्ही हात वर केले आणि त्या सांगतील तोवर तशीच उभी राहिले.